नाव बदलल्यार चव बदलता काय?

बाय, काल शुभ शुक्रवारी तुझ्या जागी मी, तुझा धाकटा भाऊ, उभा राहिलो. हातात तुझी वही, नाकावर तुझा चष्मा. चष्म्यात उगाच काही अर्थ शोधू नकोस. माझा मी घाईत घरी विसरलो आणि तुझा वहीतच ठेवलेला होता. तुझ्या नंबरातून सगळी वाडी एवढी मोठी दिसत होती की पहिल्या बाकावरच्या बायका अंगावर येतात की काय असं वाटलं. तरी खुरसाची वाट मी पुरी वाचली. येशूच्या शेवटच्या वाटेवरची चौदा ठिकाणं, एकही न गाळता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेल्या, एवढी वर्सां खंय होतंस?"

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. आज पवित्र शनिवार. गुरुवारपासून चर्चची घंटा बंद आहे आणि तिच्याऐवजी सावंतवाडीच्या खेळणीवाल्याकडून करून आणलेलं ते लाकडी खटखटं वाजतंय. घंटा नसली की आपलं घर जास्तच गप्प होतं. तुझ्या खोलीची रस्त्याकडची खिडकी मी उघडी ठेवली आहे, का ते मला माहीत नाही. हल्ली मी बऱ्याच गोष्टी का करतो ते मला माहीत नसतं. परवा दोन कप चहा केला. हे समजण्यासारखं आहे, सगळेच करतात म्हणे. पण दोन्ही कप मीच प्यालो आणि मग तुझ्यावर रागावलो, हे काय?

तुझ्याबद्दल लोकांनी बोलायचं ते बोलून झालं. वाडीतल्या तीन पिढ्यांच्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक तू शिवलेस, तीस वर्षं उपवासकाळातल्या दर शुक्रवारी खुरसाची वाट तू वाचलीस, हे सगळं फादरांनी सांगितलं आणि लोकांनी माना हलवल्या. ते मी परत लिहीत नाही. मला एकच गोष्ट छळते आहे. मी तुझी आंगवण, देवाला दिलेला तुझा शब्द, मोडली का? आणि मोडली असेल, तर तुला ते कळलं होतं का? आज सकाळी शेवंती मासेवाली दारात येऊन बसली आणि माझं होतं नव्हतं तेही डोकं फिरवून गेली. पण उलटंपालटं सांगितलेलं तुला कधी खपलं नाही. "सुरवातीसून सांग, मदीच गाडयेत चढू नको," असं म्हणून तू मला गप्प करायचीस. म्हणून सुरवातीपासूनच सांगतो.

सुरवात म्हणजे मासे.

उपवासकाळात शुक्रवारी मांस खायचं नाही, मासे चालतात, हा आपला नियम. हा नियम ज्याने केला तो मालवणचा नव्हता, हे नक्की. मालवणच्या माणसाला मटण सोडून मासे खा म्हणणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मी तर लहानपणापासून शुक्रवारची वाट बघायचो. आई तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची आणि आम्ही ते ओरपत येशूच्या दुःखाचं स्मरण करायचो. तुला मात्र ते पटलं नाही. कधीतरी, तू विशीत असशील, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मासेच सोडून दिलेस. मांस नाही आणि मासेही नाहीत. चाळीस दिवस ओल्या काजूची उसळ, कुळथाची पिठी, सोलकढी, आणि समोर ताटात तळलेली सुरमई घेऊन बसलेला मी.

का सोडलेस ते तू कोणाला सांगितलं नाहीस. आई म्हणायची, मी त्या वर्षी ट्रॉलरवर गेलो होतो आणि वादळात दोन दिवस माझा पत्ता नव्हता, तेव्हा तू शब्द दिलास. मावशी म्हणायची, छे, एका मुलाशी तुझं जमत आलेलं मोडलं, तेव्हापासून. आणि मी स्वतः असं धरून चाललो होतो की हा निव्वळ हट्ट आहे. एकदा मी तुला सरळच म्हणालो, ज्या नवसाचं कारण सांगता येत नाही तो नवस नव्हे, हेका. तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सांगत फिरलां तर ती आंगवण नाय, दवंडी."

मग मी दुसरीकडून शिरलो. देवाला तुझ्या बांगड्याचं काय करायचंय? एवढा समुद्र त्याने केला तो काय बघत बसायला? तेव्हा तू सुई टोचून ठेवलीस आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. "देवाक नको रे बांगडो. माका ‘नको’ म्हणूक येता काय, ता बघूचा आसा." मी आयुष्य बर्फाच्या कारखान्यात काढलं, माशांच्या राशीत. मला कधी कशाला ‘नको’ म्हणता आलं नाही. दारूला आलं नसतं, ते तू आणि आईने मिळून म्हटलंत. हा वाद आपला अर्धाच राहिला. दर वर्षी राखेच्या बुधवारी तो मी काढायचो आणि ईस्टरच्या सकाळी तू पहिला बांगडा तळायला घेतलास की तो मिटायचा.

आता फादरांची गोष्ट. तुला ती फार आवडायची म्हणून परत सांगतो.

हे फादर दोन वर्षांपूर्वी घाटावरून आपल्याकडे आले. तरुण, शिकलेले, मनाने चांगले, पण मासे म्हटले की त्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र, तळलेला तुकडा. उपवासकाळातल्या एका शुक्रवारी ते आपल्या दारावरून चालले होते. मी ओट्यावर बसलेला. त्यांनी सहज विचारलं, "काय पेद्रूकाका, जेवायला काय आज?" मीही सहजच सांगितलं, "मोरीचा मटण." फादरांचा चेहरा पडला. ते तसेच पुढे निघून गेले. मला वाटलं ऊन लागलं असेल.

रविवारी प्रवचनात त्यांनी सुरू केलं. आपल्यात असे काही आहेत, वयाने मोठे, जे शुक्रवारी उघड्यावर बसून मटण खातात आणि वर अभिमानाने सांगतात. मी शेवटच्या बाकावर इकडेतिकडे बघतोय, कोण हा बेशरम? आणि तू पहिल्या बाकावर, खांदे गदगदा हलतायत. लोकांना वाटलं, तू पापी लोकांसाठी रडते आहेस. मिस्सा संपल्यावर तू फादरांना हाताला धरून घरी घेऊन आलीस, शेवंतीच्या पाटीतली हातभर मोरी त्यांच्यासमोर धरलीस आणि म्हणालीस, "फादर, ह्या तुमचा मटण." मोरी म्हणजे मासाच, फक्त तिचं कालवण आम्ही मटणाच्या मसाल्यात करतो आणि मटण म्हणतो, हे कळल्यावर फादर कानापर्यंत लाल झाले. मग सावरून म्हणाले, "मग त्याचं नाव तरी बदला." तू म्हणालीस, "फादर, नाव बदलल्यार चव बदलता काय?"

पुढे वर्षभर ते वाक्य वाडीत फिरत होतं. कोणी दुधाला पाणी घातलं तरी तेच, कोणी पक्ष बदलला तरी तेच.

हे सगळं मी तुला का ऐकवतोय ते आता येईल.

या वर्षी राखेच्या बुधवारी तुला चर्चला जाता आलं नाही. फादर राख घेऊन घरी आले आणि तुझ्या कपाळावर खूण करून गेले. तू आरशात बघून म्हणालीस, राख ज्यांची करतात त्या गेल्या वर्षीच्या झावळ्या बऱ्या जळल्या, मऊ आहे. पहिल्या शुक्रवारी तू वही माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "जा, वाच." मी म्हटलं, माझं काम नव्हे ते. तू म्हणालीस, "तू शिमोनच रे. मानेर हात पडल्याशिवाय खुरीस उचलूचंस नाय." शिमोन म्हणजे पाचव्या ठिकाणचा तो माणूस, शेतातून घरी चाललेला, ज्याला शिपायांनी धरून येशूचा खुरीस उचलायला लावलं. मी लहान असल्यापासून तू मला त्याच नावाने चिडवत होतीस. मी गेलो नाही. म्हणजे चर्चला गेलो, पण शेवटच्या बाकावर बसलो. कोणीतरी मोबाइलवर बघून वाचलं. घरी आल्यावर तू विचारलंस, "कोणी वाचल्यान?" मी सांगितलं. तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. तेव्हा मला वाईट वाटलं नाही, राग आला. आता वाईट वाटतं. हे सांगायचं राहून गेलं होतं.

मग तुझं खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं मी बघतो, तुम्ही हिच्या पोटात काहीतरी घाला. पण पेज परत, दूध परत, कुळथाची पिठी दोन चमचे आणि परत. तू वाळत चाललीस. तुझ्या हातातली बांगडी कोपरापर्यंत जायला लागली. मी स्वयंपाकघरात उभा राहून देवाशी भांडायचो आणि भांडी आपटायचो, आणि तू आतून म्हणायचीस, "भांड्यांनी काय केल्यान?"

एका सोमवारी सकाळी शेवंती दारात आली. तिच्या पाटीत बारक्या मोऱ्या होत्या. तिने तुझ्या खोलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "दादा, बाळंतिणीक उभी करता ती मोरी. बायक वायच रस दिया." मी म्हटलं, तिचे उपास चाललेत. शेवंती म्हणाली, "मगे तुमी काय ता ठरवा," आणि पाटी उचलायला लागली. मी तिला थांबवलं.

मसाला घातला नाही. नुसतं मिरं, आलं, धणे आणि शेवटाला नारळाचा थोडा रस. सुती फडक्यातून दोनदा गाळलं. वर कुळथाचं थोडं पाणी घातलं, रंग यावा म्हणून. वाटीत ओतलं आणि तुझ्यासमोर नेलं. तू विचारलंस काय आहे. मी म्हटलं, "कुळथाचा कढण."

तू एक घोट घेतलास आणि थांबलीस. मग तू सगळी वाटी प्यालीस. तोंड पुसून म्हणालीस, "कुळीथ बरे आसत. खंयसून हाडलंस?"

"बाजारातसून."

"बाजारातले कुळीथ असे नसतत."

बाय, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तू ते परत केलं नाहीस, पोटात राहिलं, एवढ्यावरच मी हुरळून गेलो. दुसऱ्या दिवशी तूच विचारलंस, "ता कालचा कढण आसा काय रे?" मंगळवार, बुधवार, गुरुवार. तू उशीला टेकून बसायला लागलीस. फाटकाची कडी मी लावली नाही म्हणून मला झापलंस. तुझ्या गालाला रंग आला, निदान मला तसं वाटलं. मी रोज सकाळी शेवंतीकडून बारकी मोरी घ्यायचो, पदराखाली दारू लपवावी तशी मागच्या दाराने आत न्यायचो, साफ करून घाण लांब माडाखाली पुरायचो, आणि तुझ्यासमोर येऊन कुळथाच्या किमतीबद्दल तक्रार करायचो. मला मजासुद्धा येत होती. ते लपवून काय उपयोग.

शुक्रवार आला तेव्हा मात्र मी अडलो. शुक्रवारी तुला मासे चारायचे, तुला न सांगता, ज्या बाईने चाळीस-पंचेचाळीस वर्षं ‘नको’ म्हटलंय तिला. मी वाटी दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली. शेवटी तूच हाक मारलीस. प्यालीस. त्या दिवशी कुळथाचं नाव काढलं नाहीस.

दुपारी फादर आले, पवित्र तेल आणि कम्युनियन घेऊन. तू म्हणालीस, मला आधी कुमसार करायचा आहे. म्हणजे पापांची कबुली, फादर आणि तू, तिसरा कोणी नाही. दार ओढून घेतलं गेलं. मी बाहेर नीरफणसाखाली उभा. आत काय चाललंय ते ऐकायला येत नव्हतं, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. एवढंच ऐकलं की मधेच फादर हसले. मोठ्याने नाही, पण हसले. आणि तूही. मरणाच्या दारातल्या बाईच्या कुमसारात हसण्यासारखं काय असतं? फादर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

सोमवारी दुपारी मी वाटी निववत होतो. पंख्याखाली धरून, एका हाताने ढवळत. आत आलो तर तू गेली होतीस. वाटी मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. संध्याकाळी घर माणसांनी भरल्यावर कोणीतरी ती शिवणाच्या मशीनवरून उचलून घासली.

तेव्हापासून हे सुरू झालं. तू शब्द पाळत गेलीस असं लोक म्हणतात. "शेवटपर्यंत बायन उपास सोडूक नाय," बायका एकमेकींना सांगतात आणि डोळे पुसतात, आणि मी बाजूला उभा राहून मान हलवतो. मान हलवताना मला वाटतं, मी चोर आहे. तुझ्याकडून तुझी एकुलती एक गोष्ट मी फडक्यातून गाळून काढून घेतली आणि तुला पत्ताही लागू दिला नाही. दुसऱ्याच क्षणी वाटतं, त्या आठवड्यात तू बसलीस, भांडलीस, हसलीस, ते काय कुळथाने? मग वाटतं, देवाने तुला वर विचारलं असेल, काय गो, मासे? आणि तू म्हणाली असशील, नाय देवा, कुळीथ. म्हणजे तुला देवासमोर खोटं बोलायला मी लावलं. हे असलं डोक्यात फिरतं. मी साठी ओलांडलेला माणूस, आणि अंघोळ करताना असा विचार करतो.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधी मी कुमसाराला गेलो. किती वर्षांनी गेलो ते विचारू नकोस. जाळीपुढे गुडघे टेकले आणि पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. तोंडातून आलं ते असं, "फादर, मी माझ्या बहिणीला शुक्रवारी मटण चारलं."

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "मटण?"

"मोरीचं."

आतून एक आवाज आला. खोकला होता की हसू होतं, मी शपथेवर सांगू शकणार नाही. मग ते गंभीरपणे म्हणाले की आजारी माणसाला नियम लागू नाही, आणि मासे तर कोणालाच मना नाहीत, तुम्ही काही मोडलेलं नाही.

मी म्हटलं, "नियमाचं नाही विचारत फादर. तिच्या शब्दाचं विचारतोय. तिला माहीत होतं का?"

"पेद्रूकाका, ती माझ्याशी काय बोलली ते मी सांगू शकत नाही."

"एवढंच सांगा, ती याबद्दल काही बोलली का?"

"तेही सांगू शकत नाही."

"मग तुम्ही हसलात का?"

जाळीपलीकडे त्यांची खुर्ची करकरली. मला त्यांची दया आली. एवढा तरुण मुलगा, आणि वाडीतल्या सगळ्यांचं ओझं पोटात घेऊन फिरतो, वर मासेही नीट ओळखता येत नाहीत. शेवटी ते म्हणाले, "काका, प्रायश्चित्त म्हणून शुभ शुक्रवारी खुरसाची वाट तुम्ही वाचा. तिच्या वहीतून." मी म्हटलं, दुसरं काही द्या, पन्नास वेळा ‘आमचा बाप’ ही प्रार्थना द्या, शंभर वेळा द्या. ते म्हणाले, नाही, हेच.

म्हणजे शेवटी मानेवर हात पडलाच.

वही मी आदल्या दिवशी उघडली. रोमी म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या जुन्या पुस्तकावरून तू स्वतः देवनागरीत उतरवून काढलेली, कडेला पेन्सिलीने खुणा, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. पाचव्या ठिकाणी, शिमोनाच्या पानावर, माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं असशील म्हणून मी पान खिडकीशी नेऊन बघितलं. काही नव्हतं. मेणबत्तीच्या मेणाचा एक डाग होता. मला हिरमुसल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू. काल वाचताना मात्र त्या पानावर माझा आवाज गेला. शब्द समोर दिसत होते आणि बाहेर येत नव्हते. लोकांना वाटलं तू थांबायचीस तसा मी थांबलोय. सगळे गुडघ्यांवर वाट बघत राहिले. गेल्या वर्षी हीच वाट वाचत तू रस्त्यावरच्या खुरसापासून चर्चकडे सगळ्यांना घेऊन निघाली होतीस आणि समोरून शिमग्याचं रोंबाट, ढोल वाजवत नाचणारी मिरवणूक, आलं होतं, ते आठवलं. त्यांनी ढोल थांबवले, तू वाचन थांबवलंस, आणि दोन्ही बाजू रस्त्यात उभ्या, "तुमी जावा पयले," "नाय नाय, तुमी जावा." शेवटी तूच ओरडलीस, "कोणी तरी जावा रे, माझे पाय दुखतत." ते आठवून मला हसू आलं आणि हसू आल्यावर आवाज परत आला. पुढची नऊ ठिकाणं मी वाचली.

इथपर्यंत सगळं सांगून झालं. आता आज सकाळ.

शेवंती तू गेल्यापासून आपल्या दारात आली नव्हती. लांबूनच वळून जायची. आज आली, पाटी उतरवली आणि ओट्यावर बसली. काल वाचलेलं रस्त्यावरून ऐकलं म्हणाली, बरं वाचलंत. मग इकडचं तिकडचं झालं, आणि मग, जसं काही ते मला माहीतच आहे अशा आवाजात म्हणाली, "बायक तुमची लय काळजी होती, दादा. तुमी औषधां हाडूक गेल्यार माका खिडकेतसून साद घालायची. म्हणायची, पेद्रूक बारकीच मोरी दी. मोठयेक वास मारता, तेका लपवूक जमूचा नाय."

मी म्हटलं, "काय?"

"म्हणायची, तेका सांगू नको. तेका वाटता माका कळूक नाय."

बाय, मी ओट्यावर बसलो तो बसलोच. शेवंती घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मला हसायचं होतं. मला ओरडायचं होतं. तू त्या खाटेवर पडून, हाडं झालेली, रोज सकाळी खिडकीतून माझ्या चोरीची सोय करत होतीस? आणि मी येऊन कुळथाच्या किमती सांगायचो तेव्हा मान डोलवून ऐकत होतीस? "बाजारातले कुळीथ असे नसतत" म्हणे! नाव बदलल्यार चव बदलत नाही, हे तूच सगळ्या वाडीला शिकवलंस, आणि मी गाढव तुलाच नाव बदलून वाढत होतो.

माझ्या मानेवरचं एक ओझं उतरलं. मी तुला फसवलं नाही, मला ते जमलंच नाही. त्यासाठी मी तुझा आभारी आहे. पण बाय, दुसरं ओझं आलं, आणि याचं काय करायचं ते मला खरंच कळत नाही. तुला ‘नको’ म्हणता यायचं. आयुष्यभर तू तेवढंच तर तपासून बघत होतीस. मग मला का नाही म्हणालीस? मी वाटी घेऊन तसा दारात उभा राहायचो म्हणून? तुझी आंगवण माझ्यासाठी होती असं आई म्हणायची, ते खरं असेल तर माझ्यासाठी धरलीस आणि माझ्यासाठीच सोडलीस, असा हिशेब होतो का? की तुला नुसती मोरी खावीशी वाटली? चाळीस उपवासकाळांनंतर एखाद्या बाईला वाटू शकतं. तसं असेल तरी मला चालेल. फादरांना माहीत आहे. ते सांगणार नाहीत. आणि तूही सांगणार नाहीस, आंगवण सांगितली तर दवंडी होते. मी हे कोणाला विचारू?

शेवंतीने पाटी डोक्यावर घेतली. जाता जाता थांबून म्हणाली, "उद्या ईस्टर मां तुमचो? काय हाडू? बांगडो?"

मी म्हटलं, "मोरी. बारकी."

"मटण करतलास?"

"नाय," मी म्हटलं. "कुळथाचा कढण."